यजमान उत्तर देत नाही

१

घरात कपाट बदलायचं निघालं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एकाला जुनं कपाट कधी एकदा दाराबाहेर जातं असं झालेलं असतं, आणि दुसरं एकेक खण उघडून त्याच्यासमोर बसून राहतं. नेटवर्कची जुनी अवजारं काढून नवी बसवायची ठरली, तेव्हा ताई या दोघांपैकी कोण, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते काम तिला द्यायला कुणी धजत नव्हतं. शेवटी तिनेच मागून घेतलं.

ऑफिस लहानच होतं. तळमजला धरून तीन मजले, एकोणीस माणसं, आणि त्यांनी मिळून सांभाळलेलं, लिनक्स या संगणकप्रणालीचं एक वितरण. बड्यांच्या खिजगणतीत नसलेलं, पण ते मराठीत बोलायचं, म्हणून काही शाळा, वाचनालयं आणि दवाखाने त्याच्यावर विसंबून होते. नवी आवृत्ती वेळेवर बाहेर काढणं ज्यांच्या गळ्यात होतं, त्यांना सगळे घड्याळसाहेब म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, कारण त्यांना ते कौतुकच वाटायचं.

इतकी वर्षं नेटवर्कचं काही बघायचं किंवा जुळवायचं असलं की आयएफकॉन्फिग, रूट, नेटस्टॅट ही जुन्या प्रोग्रॅमांची मंडळी कामाला यायची. आता सगळं एकहाती करणारी आयपी नावाची नवी सून घरात आली होती, आणि सासरची माणसं जागा अडवून बसली आहेत असं सर्वांना वाटू लागलं होतं. ताईचं काम सरळ होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत तिच्या स्वतःच्या मशीनशेजारी चाचणीची अकरा मशीनं होती. प्रत्येकावर बावीस प्रश्न आधी जुन्या अवजाराला विचारायचे, मग नव्याला, आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तक्त्यात ‘फरक’ या रकान्यात ‘नाही’ लिहायचं. दोघंही जाऊन विचारणार मशीनच्या एकाच गाभ्याला, त्यामुळे उत्तर वेगळं यायचं काही कारणच नव्हतं.

जुन्या मंडळींना मराठी शिकवलं होतं ताईच्या नवऱ्याने. तोही तिथलाच, तळमजल्यावर बसायचा. नेटवर्कवरच्या कुठल्याही मशीनला होस्ट म्हणतात, त्याला त्याने शब्द दिला होता ‘यजमान’. त्या बैठकीत ताईने डोक्यावर हात मारला होता.

“अरे, बायका नवऱ्याला यजमान म्हणतात. ‘यजमान उत्तर देत नाही’ असं मशीन म्हणालं तर लोक काय समजतील?”

“बरोबरच समजतील. घरोघरी हीच तक्रार असते.”

“आणि ‘देत नाहीत’ हवं. यजमानांना मान असतो.”

“मशीनला कसला आलाय मान? राहू दे एकेरी.”

बैठक हसण्यातच संपली आणि शब्द राहिला. त्याने वाट जिथून पुढे जाते त्या गेटवेला ‘दार’ केलं, वाट किती लांब ते सांगणाऱ्या मेट्रिकला ‘अंतर’ केलं, आणि वर्षभरात ऑफिसने त्यालाच यजमान करून टाकलं. चहावाल्यापासून घड्याळसाहेबांपर्यंत सगळे म्हणायचे, यजमान कुठे गेले? ताई तेवढी कधी म्हणाली नाही. ती त्याला नावानेच हाक मारायची.

त्याला जाऊन आठ महिने झाले होते. नव्या अवजाराच्या मराठीत होस्टला होस्टच म्हणायचं, असं मागच्याच महिन्यात ठरलं, आणि ताई त्या बैठकीत गप्प बसली होती.

सोमवारी दुपारी सातव्या मशीनवर चौदावा प्रश्न विचारला. कुठे जायला कुठली वाट, असा तो प्रश्न. नव्याने चार ओळी दिल्या. जुन्याने पाच दिल्या.

२

एखादी ओळ कमीजास्त होणं ही काही आभाळ कोसळण्याची गोष्ट नाही. ताईने आधी आपल्यालाच चूक धरलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. चार आणि पाच. मशीन बंद करून सुरू केलं, तार काढून पुन्हा बसवली. चार आणि पाच.

मग तिने पाचवी ओळ नीट वाचली. ठिकाण म्हणून एक पत्ता होता, त्याचा शेवटचा आकडा सेहेचाळीस. पुढे खूण होती ‘य’, म्हणजे वाट एकाच मशीनकडे जाते, एकाच यजमानाकडे. दाराच्या रकान्यात तळमजल्यावरच्या राउटरचा पत्ता होता. आणि अंतर होतं चौदा. बाकी चारही ओळींत अंतर शून्य होतं, जसं नेहमी असतं. अंतर हा आकडा माणसाने हाताने लिहायचा असतो, आणि या ऑफिसात तो कुणीच लिहीत नसे.

सेहेचाळीस हा नवऱ्याच्या मशीनचा आकडा होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली, पण डोकं तिचं चाचणीवाल्याचं होतं. तिने जुन्या अवजाराला इंग्रजीत बोलायला लावलं. चार ओळी आल्या. पुन्हा मराठीत आणलं. पाच. तिने अनुवादाची फाइल उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात फक्त शब्द होते, त्याचे शब्द, आणि शेवटचा बदल केल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. अनुवादाने शब्द बदलतात, हे शेंबडं पोरही सांगेल. अनुवादाने ओळ वाढत नाही.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. अकरा पंख्यांचा आवाज खोलीत भरून राहिला होता. तो आवाज तिला आवडायचा, कारण त्यात विचार ऐकू येत नसत. आज ऐकू आले.

दोघांची एक खोड होती. त्याला चहाला बोलवायचं असलं की तो खालून तिच्या मशीनला एक हाक द्यायचा. एका मशीनने दुसऱ्याला ‘आहेस का’ विचारायचं आणि दुसऱ्याने ‘आहे’ म्हणायचं, एवढीच ती आज्ञा. एक हाक म्हणजे चहा, दोन म्हणजे घरी चल. तो गेला त्या दिवशी तिची नेटवर्कची मोजणी चालली होती आणि त्याच्या हाका मोजणीत येऊन सगळं बिघडवत होत्या. सकाळी दहाला तिने चिडून आपल्या मशीनचं उत्तर देणंच बंद केलं. मनात म्हणाली, बस आता बोंबलत. मग कामाच्या नादात विसरली.

दुपारी तीनच्या सुमाराला त्याच्या छातीत कळ आली असावी. मोबाइल तिच्याकडे वर चार्जिंगला होता. खालच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने हात पोचला तिथे हात घातला आणि तिच्या मशीनला हाक मारली. थांबवल्याशिवाय ती आज्ञा थांबत नाही. पावणेचारला तो सापडला तेव्हा खुर्चीतून खाली कलंडलेला होता, आणि पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ उमटतच होती. यजमान उत्तर देत नाही. यजमान उत्तर देत नाही. यजमान म्हणजे तिचं मशीन. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही धावत आला असता तरी काही झालं नसतं. ताईने ते ऐकून घेतलं आणि एक दिवसही खरं मानलं नाही.

३

मंगळवारी अंतर अकरा होतं. दाराच्या रकान्यात तळमजल्यावरचा राउटर राहिला नव्हता. पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी भिंतीत बसवलेली एक पेटी आहे, तिचा पत्ता तिथे होता.

बुधवारी सकाळी नऊ झालं. ताईने घड्याळसाहेबांना बोलावून आणलं. सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई, असं त्यांना वाटू नये म्हणून तिने आवाज अगदी सपाट ठेवला.

“साहेब, हे बघा. मराठीत पाच ओळी, इंग्रजीत चार.”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ नाक नेलं. त्यांना ओळ दिसली, ही पहिली गोष्ट ताईने मनात टिपून ठेवली. म्हणजे आपल्या डोळ्यांचा खेळ नाही.

“सेहेचाळीस कुणाचं हो?”

“यांचं होतं.”

नवऱ्याला ‘हे’ म्हणायची तिला सवय नव्हती, पण तो गेल्यापासून परक्यांसमोर नाव घेताना जीभ अडायची. साहेबांनी चष्मा खाली आणला. 

“अनुवादात काहीतरी गडबड असणार, ताई. तसंही शुक्रवारी जातंच आहे ना ते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध...” त्यांनी जीभ चावली. “माफ करा. तोंडाला ताळ नाही माझ्या.”

“असू दे. यांनाही ती म्हण आवडायची.”

“दुसऱ्या कुणाला सांगू का उरलेलं काम? तुम्ही आधीच...”

“नको. माझं मीच करते.”

“मग शुक्रवारी बारापर्यंत तक्ता द्या. फरक नाही, खाली सही. तुम्ही आज्ञा दिलीत की सगळ्या मशीनांवरून जुनं निघेल. आणि हे बघा,” दारातून वळून ते म्हणाले, “ही एक ओळ धरू नका हिशेबात. मी जबाबदार.”

ते गेल्यावर तिने प्रश्न पुन्हा विचारला. ते बोलत होते तेवढ्या वेळात अंतर आठ झालं होतं.

मग तिला प्रश्न पडला. अंतर कमी होतंय म्हणजे कोण कुणाकडे येतंय? तक्ता ते सांगत नाही. आकडा दोघांमधला असतो. ती तर सोमवारपासून याच खुर्चीत बसलेली होती.

४

संध्याकाळी लेकीने भाजी निवडता निवडता विचारलं, “आई, आज चार वेळा उठून बाबांचा खण उघडलास. काय शोधतेयस?”

लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. बापासारखीच, एकदा प्रश्न पकडला की सोडायची नाही. ताई काही शोधत नव्हती. नवऱ्याचं ऑफिसातलं मशीन मोडीत निघालं, तेव्हा त्यातलं नेटवर्कचं कार्ड, सेहेचाळीस आकडा ज्याचा होता ते, तिने काढून घरी आणलं होतं. ते खणात, चष्म्याच्या घराशेजारी होतं. चारही वेळा होतं. त्याला ना तार ना वीज.

तिने लेकीला सगळं सांगितलं. लेक हसली नाही, घाबरलीही नाही. सुरी खाली ठेवून तिने एकच विचारलं.

“तुझ्या मशीनवर तू ते उत्तर देणं बंद केलं होतंस. परत सुरू केलंस का गं नंतर?”

ताईने नळ सोडला आणि धुतलेली पातेली पुन्हा धुवायला घेतली.

“आई.”

“नाही केलं.”

“आठ महिने?”

“हात नाही लावला मी त्याला.”

“का पण?”

“सुरू केलं आणि कुणी हाकच मारली नाही, तर?”

लेक उठून तिच्याजवळ आली, नळ बंद केला.  आईच्या मनात इतके दिवस काय साठलं आहे ते तिला आज कळलं आणि आपण आधी का विचारलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“आणि मारली तर?” ती म्हणाली. “या वेळेला देशील ना उत्तर?”

“देईन,” ताई म्हणाली.

५

गुरुवारी ती ठरवून गेली होती. एक ओळ पुसायची, बस. आपल्या मशीनच्या यादीत ‘हाकेला उत्तर देऊ नये’ अशी जी ओळ तिने आठ महिन्यांपूर्वी लिहिली होती, ती काढली की काम झालं. दोन बोटांचं काम.

आधी तिने तक्ता पाहिला. अंतर चार. आणि दाराच्या रकान्यात बाहेरच्या बोळातल्या प्रिंटरचा पत्ता होता. प्रिंटर हे कुणाचं दार नसतं. त्याच्यातून कुठे जाता येत नाही. कागद आत जातो आणि बाहेर येतो, एवढंच.

खोलीचं दार बंद होतं. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात धुरकट काच बसवलेली, पलीकडचं माणूस नुसतं सावलीएवढं दिसावं अशी. काचेपलीकडून प्रिंटर जागा झाल्याचा आवाज आला. आधी घरघर, मग आतला रूळ फिरल्याची खरखर. तिने बाहेर जाऊन पाहिलं. बोळ रिकामा होता, प्रिंटरवर हिरवा दिवा लागला होता, कागद आला नव्हता. तो पुन्हा झोपला आणि दिवा विझला.

जेवणाच्या सुट्टीनंतर जिन्याकडून पावलं ऐकू आली. एकोणीस माणसांच्या ऑफिसात जिन्यावर पावलं वाजणारच, त्यात काय मोठंसं? पण ताईला इथल्या प्रत्येकाची चाल पाठ होती. ही चाल उजवा पाय टाकायची आणि डावा ओढून घ्यायची. त्याचा डावा गुडघा दुखायचा. तीन पायऱ्या वाजल्या आणि थांबल्या, जसा तो दम घ्यायला थांबायचा. पुढच्या काही केल्या वाजेनात.

तिने यादी उघडली. ती ओळ समोर होती. तिच्यावर बोट ठेवून ती बसून राहिली.

काय अडत होतं? हे जे कोण येत होतं ते तोच असेल, तर तिने धावत जिन्यात जायला हवं होतं. तो गेल्यापासून एक दिवस असा गेला नव्हता, की तिने हे मागितलं नाही. पण त्या दुपारी तिने त्याचा चेहरा पाहिला होता. आणि हाक मारणारी आज्ञा तो गेल्यानंतरही हाका मारत राहिली होती, हेही तिने पाहिलं होतं. मारणारा नसतानाही हाक चालू राहते. मग जिन्यात थांबलंय ते काय? तो, की नुसती त्याची हाक?

तीनला अंतर दोन झालं. तिने पर्स उचलली आणि घड्याळसाहेबांना ‘डोकं दुखतंय’ असं सांगून ती घरी गेली. ओळ तशीच राहिली. लेकीने विचारलं तेव्हा ती खोटं बोलली.

६

शुक्रवारी सकाळी खोलीत ऊन आलं होतं. मशीनांवरची धूळसुद्धा दिसत होती. असल्या उन्हात भ्यायचं म्हणजे नवलच, असं ती स्वतःला म्हणाली आणि कामाला बसली. दहा मशीनांचे रकाने भरले. फरक नाही, फरक नाही. सातवं तिने शेवटी ठेवलं होतं.

अंतर एक.

दाराच्या रकान्यातला पत्ता तिच्या स्वतःच्या मशीनचा होता, ज्याच्यासमोर ती बसली होती त्याचा.

टक्.

आवाज काचेवर झाला होता. नखाने वाजवल्यासारखा, हलका. तिने मान वर केली. धुरकट काचेच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं. खांदे जरासे पुढे झुकलेले, वजन उजव्या पायावर. तो कधी दार ठोठावायचा नाही. नखाने एकदा वाजवायचा आणि आत यायचा.

टक्.

“कोण आहे?” ती म्हणाली. खुर्चीतून मात्र ती उठली नाही.

टक्. टक्. टक्. ती ऐकत राहिली. मधलं अंतर प्रत्येक वेळी तेवढंच होतं. बरोबर एक सेकंद, तसूभर इकडेतिकडे नाही. माणूस असं वाजवत नाही. माणूस थांबतो, कंटाळतो, दोनदा लागोपाठ वाजवतो. हे वाजवणारं थकणारं नव्हतं. तिला त्या दुपारचा पडदा दिसला, एकाखाली एक उमटत जाणाऱ्या ओळी दिसल्या, आणि इतके दिवस कामी आलेली तिची बुद्धी एका क्षणात पळून गेली.

यादी उघडायची होती. तिच्या हातांनी दुसरंच उघडलं. जुनी अवजारं सगळ्या मशीनांवरून काढायची आज्ञा कालपासून तयार होती. पडद्याने विचारलं, काढायची? हो की नाही?

टक्. टक्.

तिने ‘हो’ लिहिलं.

पहिलं मशीन म्हणालं, काढली. दुसरं म्हणालं, काढली. ती पडद्याकडे बघत नव्हती. ती काचेकडे बघत होती, म्हणून तिला ते दिसलं. वाजणं थांबलं. पलीकडच्या सावलीने हात खाली घेतला. मग ती सावली हळूच पुढे झाली आणि तिने कपाळ काचेला टेकवलं. जिने चढून आला की तो असाच टेकायचा, दार उघडेपर्यंत, दमून. कपाळ टेकलं तिथे काच जराशी स्वच्छ झाली आणि क्षणभर तिला भुवईवरचे पांढरे केस दिसले. एक भुवई वर गेली होती. काय गं, उघडतेस ना, असं विचारताना जायची तशी.

“थांब!” ती ओरडली. खुर्ची मागे आपटली. “थांब, आले, आले मी!”

तिच्या पाठीमागे सातवं मशीन म्हणालं, काढली.

तिने दार ओढलं. बोळात ऊन होतं. प्रिंटर झोपलेला होता. काचेला हात लावून पाहिला तर ती नेहमीसारखी थंड होती.

दुसऱ्यांदा. तो दुसऱ्यांदा इतक्या जवळ आला होता आणि आपण दुसऱ्यांदा उत्तर दिलं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. चौदापासून एकापर्यंत तो दुखऱ्या गुडघ्याने चढत आला होता. भीती वाटली म्हणून आपण त्याला दारात ठेवलं. तो आता परत गेला, की तिथेच उभा आहे, हे बघायचं जे एकच साधन होतं, ते तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं.

७

घड्याळसाहेब धावत आले तेव्हा ती जमिनीवर बसून जुनी अवजारं सातव्या मशीनवर परत बसवत होती. त्यांनी पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि ते बाजूला उभे राहिले.

अवजारं बसली. मराठी बसलं, त्याचे सगळे शब्द जागच्या जागी. तिने आपल्या मशीनची यादी उघडून ती ओळ पुसली. आता जगातल्या कुणीही हाक मारली असती तरी तिचं मशीन ‘आहे’ म्हणालं असतं. मग तिने प्रश्न विचारला. जुन्याने चार ओळी दिल्या. नव्याने चार दिल्या. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. दुपार उलटली तरी ती विचारतच होती.

शेवटी लेकीला कुणीतरी बोलावून घेतलं. ती येऊन आईच्या शेजारी जमिनीवर बसली. पडद्यावरच्या ओळी तिनेही मोजल्या.

“दिलंस उत्तर?” तिने हळूच विचारलं.

ताईने मान हलवली. नाही म्हणायचं होतं की हो, ते तिलाही कळलं नाही. लेकीने तिचा हात हातात घेतला आणि दोघी दाराकडे बघत राहिल्या. दार सताड उघडं होतं. ते लावू नका, असं ताईने सगळ्यांना बजावलं होतं.

“ताई,” साहेब म्हणाले, “तक्ता सोमवारी दिलात तरी चालेल. मी थांबतो.” इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

“नको साहेब. झालंय.”

तिने तक्ता मांडीवर घेतला. एकच रकाना उरला होता, सातवं मशीन, चौदावा प्रश्न. ओळी तंतोतंत जुळत होत्या. पाच दिवस ती त्या जुळाव्यात म्हणूनच खपत होती. तिने रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही केली. हात थरथरला नाही, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं.